तिसरी यादी

आमच्या हॉस्पिटलात एक गृहस्थ होते. त्यांना कुणी जाता जाता विचारलं, "काय विशेष?" तर ते "काही नाही" म्हणत नसत. थांबायचे. खरंच काही विशेष आहे का ते आठवून बघायचे आणि मग सांगायचे. तोवर विचारणारा जिना उतरून गेलेला असे.

मी त्याच हॉस्पिटलची रुग्णवाहिका चालवायचो. शिक्षण चौथी. लिहायचा सराव नाही, सही करायची आणि गाडीच्या वहीत किलोमीटर मांडायचे एवढंच. बायको गेली त्याला आता तीन महिने होतील. मुलगी म्हणाली, बाबा, पडवीत नुसते बसता, त्यापेक्षा आईबद्दल काहीतरी लिहून काढा. बसलो वही घेऊन. पहिल्याच ओळीला अडलो. का अडलो ते पुढे येईल. म्हणून आधी या गृहस्थांबद्दल लिहितो, त्यांच्याबद्दल मला जास्त माहिती आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

ते मूळचे खेडकडचे. मुंबईत कुठल्याशा कचेरीत कॉम्प्युटरवर नोकरी केली, ती संपल्यावर रत्नागिरीत आले. आमच्या ट्रस्टने त्यांना रेकॉर्ड रूममध्ये ठेवलं. पेशंटांचे जुने कागद सगळे कॉम्प्युटरवर चढवायचे होते. उंच, सुकलेल्या माडासारखी अंगकाठी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक लहान वही. छत्री बारा महिने. लोक म्हणत, यांचं लग्न झालेलं नाही. मीही तसंच म्हणायचो. विचारलं कुणीच नव्हतं.

कॉम्प्युटरमधल्या तक्त्याला आडव्या-उभ्या रेघा असतात, आणि त्यात चौकटी. त्या चौकटींना ते खण म्हणत. नावाचा खण, गावाचा खण, रक्तगटाचा खण. सगळं हॉस्पिटल त्यांना मागे खणवाले म्हणायचं. मी तोंडावरही म्हणायचो. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

त्यांच्या टेबलावर पत्र्याचे तीन डबे असायचे. कॉम्प्युटरवर बसायला नवी बाई आली की पहिल्या दिवशी तिची परीक्षा. पहिला डबा उघडायचे, आत टाचण्या. दुसरा उघडायचे, आत काही नाही. तिसऱ्या डब्याला सगळीकडून चिकटपट्टी लावलेली. तो नुसता पुढे सरकवायचे आणि विचारायचे, "यात किती?"

बाई म्हणायची, शून्य.

"उघडून बघितलंत?"

"नाही."

"मग शून्य कसं म्हणता? दुसरा डबा शून्य. तो आपण बघितलाय."

एवढंच शिकवायचे, पण महिनाभर तेच शिकवायचे. त्या तिसऱ्या डब्याला कॉम्प्युटरात नल म्हणतात असं त्यांनी मला सांगितलं होतं. नल म्हणजे शून्य नव्हे, 'नाही' नव्हे, कोरी जागा ठेवून विसरून जाणंही नव्हे. नल म्हणजे आपल्याला माहीत नाही, आणि आपल्याला माहीत नाही हे आपल्याला माहीत आहे. मी म्हटलं, हे सांगायला डबे कशाला, माझ्याकडे बघा. ते हसले. हसणं म्हणजे ओठ जरा ताणायचे.

एका वैशाखात त्या तिसऱ्या डब्याला मुंग्यांची रांग लागली. मला मुद्दाम गाडीतून उतरवून बोलावलं. म्हणाले, ड्रायव्हर, बघा, आत गोड काहीतरी आहे एवढं आज कळलं. मी म्हटलं, उघडा नि फेकून द्या ओ, वास मारील. त्यांनी डब्याखाली पाण्याची ताटली ठेवली आणि खिशातल्या वहीत लिहिलं, गोड, काय ते माहीत नाही.

आता एक जूनची गोष्ट. आमच्या पिढीतल्या अर्ध्या रत्नागिरीचा वाढदिवस एक जून. शाळेत नाव घालायला आईबाप गेले की मास्तर जन्मतारीख विचारायचे. आईला आठवायचं, गवत कापणीचे दिवस होते, नाहीतर थोरली म्हैस व्याली त्या आठवड्यात. मास्तर एक जून लिहून मोकळे. माझाही वाढदिवस तोच. हॉस्पिटलात आम्ही एक जूनवाले नऊ जण होतो, म्हणून ट्रस्टचे सेक्रेटरी त्या दिवशी मोठा केक आणायचे. खणवाले केक खायचे नाहीत. सेक्रेटरींनी एकदा चारचौघांत टोमणा मारला की साहेबांना आमच्यासारख्यांचा केक चालत नाही वाटतं.

ते म्हणाले, "चालतो. पण आज कुणाचा आहे ते कळू दे."

मग समजावून सांगायला लागले. या नऊ जणांची तारीख माहीत नाही. मास्तरांनी रिकामं ठेवायला हवं होतं, त्यांनी भरून टाकलं. आता कॉम्प्युटरला वाटतं नऊ माणसं एका दिवशी जन्मली. दोघांची तारीख माहीत नसली म्हणजे दोघांची तारीख एकच, असं होत नाही. सेक्रेटरी केक कापत राहिले. मी माझा तुकडा घेतला आणि खाल्ला, पण तेव्हापासून एक जूनला मला जरा चोरी केल्यासारखं वाटतं.

दुसरी गोष्ट बाळंतिणींच्या वॉर्डातली. एका महिन्यात रिपोर्ट आला की आमच्याकडच्या नवजात मुलांचं सरासरी वजन एकदम घसरलं. सेक्रेटरींनी मेट्रनबाईंना बोलावून झापलं, पेज-दूध नीट देता की नाही म्हणून. बाई रडायच्या बेतात. खणवाल्यांनी सगळे कागद काढले. वजनकाटा आठवडाभर बिघडलेला होता, त्या आठवड्यातल्या मुलांच्या वजनाच्या खणात कुणीतरी शून्य भरलं होतं. ते शून्य सरासरीत गेलं. रिकामं ठेवलं असतं तर कॉम्प्युटरने ती मुलं सरासरीत धरलीच नसती. ते सेक्रेटरींसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "शून्य वजनाचं मूल तुम्ही कधी हातात घेतलंय का?" मेट्रनबाई नंतर दर गणपतीला त्यांना मोदक पाठवायच्या.

असा माणूस लोकांना आवडत नाही. मलाही फारसा आवडत नसे. गाडीत पुढे बसले की रस्ताभर पाट्या वाचत यायचे आणि कुठल्या पाटीवर काय लिहायचं राहिलंय ते सांगायचे.

मग नवा प्रोग्राम बसवायला कंपनीचा माणूस आला. त्याच्या तक्त्यात एक खण होता, औषधाची ऍलर्जी. म्हणजे कुठलं औषध अंगाला सोसत नाही का. त्या खणात आपण काहीच लिहिलं नाही तर कॉम्प्युटर आपल्या मनाने 'नाही' लिहायचा. असं आपोआप लिहितात त्याला डीफॉल्ट म्हणतात. खणवाल्यांनी ते बघितलं आणि खुर्चीतून उठले. कंपनीचा माणूस म्हणाला, काका, सगळीकडे असंच असतं, नल ठेवला की रिपोर्ट बिघडतात. बघा, आता 'आहे' वाल्यांची यादी काढली, 'नाही' वाल्यांची काढली, तर दोन्ही मिळून पेशंट पुरे भरत नाहीत. उरलेले जातात कुठे?

"कुठे जात नाहीत. त्यांना अजून विचारायचंय. त्यांची तिसरी यादी काढा."

आपोआप भरण्याला त्यांचा सरसकट विरोध नव्हता, हे सांगायला हवं. जिल्ह्याच्या खणात आपोआप रत्नागिरी येऊ दे म्हणायचे. तिथे चुकलं तर पत्र परत येतं. इथे चुकलं तर माणूस परत येत नाही.

सेक्रेटरींना घाई होती. ठरलेल्या दिवशी उद्घाटन, पाहुणे बोलावलेले. जुन्या कागदांवर हा खणच नव्हता, तेव्हा सगळ्या जुन्या पेशंटांना एकदम 'नाही' लावून टाका आणि बरोबर आहे म्हणून सही करा, असा हुकूम झाला. यांनी सही केली नाही. सेक्रेटरी म्हणाले, मग उद्यापासून येऊ नका. दुसऱ्या दिवशी हे आले, पण आत गेले नाहीत. माझ्या गाडीच्या सावलीत बाकावर बसले, तिन्ही डबे पिशवीत, पिशवी मांडीवर. मी म्हटलं, घरी जा की. म्हणाले, मला काढलंय असा कागद मिळालेला नाही, ठेवलंय असाही नाही. मग बसायचं कुठे? दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी आमचे म्हातारे डॉक्टर सकाळी गाडीतून उतरले, खणवाल्यांना विचारलं काय प्रकार आहे, सगळं उभ्याने ऐकून घेतलं आणि आत जाऊन सेक्रेटरींना म्हणाले, रिकामं ठेवा, सुई मी टोचतो, तुम्ही नाही.

तेव्हापासून त्या खणाला तीन उत्तरं झाली. आहे, नाही, आणि विचारलं नाही. विचारलं नसेल तर खण लाल दिसायचा. डॉक्टर लोक चिडवायचे, आज किती लाल?

ती तिसरी यादी कागदावर छापून त्यांनी वाटायला घेतली. माझी गाडी गावोगाव जायची, म्हणून गणपतीपुळ्याकडच्या वाड्यांची यादी माझ्या गळ्यात. पेशंट सोडून परत येताना घरोघर जाऊन विचारायचं, तुम्हाला कधी कुठलं औषध बाधलंय का, आणि पुढे लिहायचं. सतरा नावं होती. एक नाव माझ्या बायकोचं, ती मागे कधीतरी तापाला येऊन गेली होती.

मी काय केलं ते सांगतो. चहाच्या टपरीवर बसलो, आलं घातलेला चहा मागवला आणि सतरा जणांच्या पुढे 'नाही' लिहून टाकलं. ओळखीचीच माणसं. कुणाला काय व्हायचंय?

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद उजेडात धरला. विचारलं, कुठे बसून भरलंत? मी म्हटलं, टपरीवर. खोटं बोलायची मला सवय नाही, आळसाची आहे. ते रागावले नाहीत. कॉम्प्युटरकडे वळले आणि माझ्यासमोर एकेकाचा खण परत लाल केला. बायकोचं नाव आलं तेव्हा मी म्हटलं, ही माझी बायको आहे, हिचं तरी राहू द्या.

"विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? बत्तीस वर्षं एका घरात राहतोय."

"म्हणजे विचारलं नाही," म्हणाले, आणि तिचाही लाल केला.

मला राग आला. आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. आणि घरी जाऊन बायकोला विचारलंही नाही, त्याच रागात.

त्या वर्षी श्रावणात बायको आंब्याच्या कलमांखालचं रान काढत होती, कोयती पायाला लागली. हळद भरली आणि कामाला लागली. चौथ्या दिवशी पाय सुजून कणगीसारखा, अंगात ताप. माझ्याच गाडीत मागे झोपवून आणली. दुपारची वेळ, बाहेर पेशंटांची ही गर्दी. डॉक्टरांनी पाय बघितला, सुई लिहून दिली. सिस्टर सुई भरणार, तर कॉम्प्युटरवर खण लाल. ती म्हणाली, मावशी, कधी कुठलं औषध बाधलंय?

मी शेजारी उभा. मीच म्हटलं, "नाय, काय नाय तिला."

"तुम्हाला नाही विचारलं," सिस्टर म्हणाली आणि थांबली.

मग बायको बोलली. ती लहान होती, माहेरी मालगुंडला, पायात काटा मोडून पू झालेला. तिथे सुई दिली आणि घटकाभरात तोंड सुजलं, श्वास कोंडला. बापूस खांद्यावर टाकून बांधावरून धावत गेला होता. नाव काय त्या सुईचं? ते कसं सांगणार, पण डॉक्टरांनी आणखी दोन-चार गोष्टी विचारल्या आणि ही सुई त्याच जातीची म्हणून बाजूला ठेवली. दुसरं औषध दिलं. नंतर मला बाहेर घेऊन म्हणाले, पहिली गेली असती तर मी इथे काही करू शकलो असतो की नाही, सांगता येत नाही.

मी खाटेपाशी गेलो. म्हटलं, "मला कधी बोलली नाहीस गो?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

रागाने नाही. तांदूळ संपले म्हणून सांगावं तसं.

मी रेकॉर्ड रूममध्ये गेलो. म्हटलं, तुमचे उपकार झाले. त्यांनी वर बघितलं नाही. कधी झालं होतं, कुठे, कुणी सांगितलं, असं सगळं विचारून टाइप केलं. लाल रंग गेला. मग म्हणाले, "सिस्टरने विचारलं आणि वहिनींनी सांगितलं. मी फक्त रिकामं ठेवलं." त्याच दिवशी मी उरलेल्या सोळांची यादी मागून घेतली आणि घरोघर गेलो. दोघांचं 'आहे' निघालं.

बायकोला तो माणूस भारी आवडला. कुळथाची पिठी, फणसाचे तळलेले गरे, काय काय बांधून द्यायची माझ्याबरोबर. ते कधी घरी आले की पडवीत बसून तिला प्रश्न विचारायचे. गरे कुठल्या फणसाचे, कापा की बरका, तेल कुठलं. ती सांगत बसायची. मी म्हणायचो, काय भिकार चौकशी लावलीय. एकदा ती म्हणाली, "त्यांची बायको बाळंतपणात गेली. लग्नाला दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती." मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं? म्हणाली, मी विचारलं. मग भांडी घासता घासता बोलली, "तो माणूस विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत थांबतो."

हे वाक्य मला उद्देशून होतं का? माहीत नाही.

मग आम्ही दोघेही निवृत्त झालो. ते भाट्याला एका खोलीत राहतात, समुद्राच्या अंगाला. तिसरा डबा अजून आहे, अजून बंद आहे.

बायको या खेपेला आजारी पडली ती उठली नाही. फार हाल झाले नाहीत, एवढं खरं. दहाव्याला खाडीच्या काठी पिंड ठेवला. पिंपळावर कावळे बसलेले, पण एक खाली येईना. मुलगा मुंबईहून आलेला, तो म्हणाला, आई, मागच्या पडवीचं काम मी पुरं करीन. कावळा येईना. मुलगी म्हणाली, बाबांची काळजी करू नको. नाहीच. मग सगळे माझ्याकडे वळले. मेहुणे म्हणाले, दाजी, तुम्ही बोला, तिच्या मनात काय राहिलं ते तुम्हाला माहीत असणार.

चाळीस वर्षांचा संसार. मी उभा राहिलो. 'काय राहिलं नाय तिचं, सुखात होती,' हे तोंडापर्यंत आलं. टपरीवर सतरा वेळा लिहिलं होतं तसंच. मागे दगडी गडग्यापाशी छत्री टेकून ते उभे होते. माझ्याकडे बघत नव्हते.

मी म्हटलं, "मला माहीत नाय. मी विचारलं नव्हतं."

कुणीतरी खोकलं. मुलीने पदर तोंडाला लावला. मी पिंडापाशी खाली बसलो आणि विचारलं, "काय राहिलं गो तुझं?" आणि थांबलो. गुडघे दुखायला लागले तरी थांबलो.

कावळा आला नाही. भटजींनी शेवटी दर्भाचा कावळा केला, तसा शास्त्रात आहे, आणि तो पिंडाला टेकवला. त्यांची काही चूक नाही, भरती चढत होती. लोक झटकन उठले. मुलगा फोनवर कुणाला तरी सांगत होता, हो, शिवला.

खणवाले माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आले. त्यांनी स्वतः सगळं बघितलं होतं, तरी विचारलं, "शिवला का?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि छत्री माझ्यावर धरली. ऊन होतं.

म्हणून तिच्याबद्दल लिहायला बसलो की अडतो. लोक भेटतात, म्हणतात, वहिनी समाधानाने गेल्या. मी म्हणतो, माहीत नाही. त्यांना वाटतं, म्हातारा तुसडा झाला. होईना का.

आता मी विचारत फिरतो. गेल्या आठवड्यात एसटीने मालगुंडला गेलो, तिच्या थोरल्या बहिणीकडे. म्हटलं, तिला काय आवडायचं ते सांगा. म्हातारी आधी हसली, हे आता विचारायला आलात म्हणाली. मग चहा ठेवला आणि विचारलं, आलं घालू की नको? मग आपणच म्हणाली, तिला आल्याचा चहा कधी आवडायचा नाही, लहानपणापासून घसा जळतो म्हणायची.

चाळीस वर्षं आमच्या घरी दोन वेळा आल्याचा चहा झाला. तिने केला आणि माझ्याबरोबर बसून प्यायली.

परत येताना घरी न उतरता तसाच पुढे भाट्याला गेलो. त्यांना सांगितलं. त्यांनी खिशातली वही काढली, कुणी सांगितलं, कधी, सगळं विचारलं आणि लिहून घेतलं. तिच्या नावाचं एक पान केलंय त्यांनी. मी म्हटलं, एवढा एक खण भरला.

ते म्हणाले, "आणि तुम्हाला? तुम्हाला आवडतो का आल्याचा?"

मी हो म्हणणार होतो. मग आठवलं, आल्याचा चहा माझी आई करायची. बायको लग्न होऊन आली तेव्हा आईने तिला तसाच शिकवला. मला कुणी विचारलं नव्हतं, मीही स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी पेनाचं टोपण परत लावलं नाही. समुद्राकडे बघत बसून राहिले, माझ्या उत्तरापर्यंत.